टिकलीपर्यंत पाणी

२१ एप्रिल, सोमवार

सासूबाईंच्या रेडिएशनचा पहिला शेक झाला. पंचवीसांतून एक गेला, राहिले चोवीस.

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे. सासूबाईंनी काय खाल्लं, ताप आला का, छातीची कातडी किती लाल झाली, हे रोज लिहायचं. ते सगळं पुढच्या पानांवर. मागची पानं माझी. सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि सासरे माझ्या वस्तूंना हात लावत नाहीत, तेव्हा इथे खरं लिहायला हरकत नाही.

डॉक्टर एकच गोष्ट तीनदा बोलले: खंड पडू द्यायचा नाही. गाठ काढली तरी तिचं मूळ मारायचं काम हे शेकच करणार, आणि मध्येच दिवस चुकले तर केलेलं वाया जातं. ऑपरेशन अकोल्याला झालं म्हणून शेकही अकोल्यालाच. अमरावतीहून जाणं पंचाण्णव किलोमीटर, येणं पंचाण्णव, रोज. माझे मिस्टर, देवानंद, चाकणहून फोनवर म्हणाले, तिथंच खोली घ्या. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "मी माह्या घरीच झोपीन. नाही तं राहू द्या तुमचा शेक." तपासणीला एकदा बसने नेलं होतं, तर टाक्यांना धक्के बसून दोन दिवस उठल्या नाहीत. म्हणून गाडी. आणि गाडी म्हणजे मी. माझे राजापेठेतले गणिताचे क्लास उन्हाळ्यापुरते बंदच आहेत.

बाबा, म्हणजे सासरे, पुढे बसले, रस्ताभर गप्प. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस सुनेच्या शेजारी बसून जातो, त्याला बरं कसं वाटेल. जानेवारीत त्यांनी गाडी आमच्याच गेटवर घातली. एका डोळ्याने नीट दिसत नाही हे तोवर कोणाला सांगितलंच नव्हतं. देवानंदने त्यांच्या हातातून किल्ली घेतली आणि त्यांच्यासमोर माझ्या हातात दिली. तेव्हापासून ते माझ्याशी सरळ बोलत नाहीत. "तिले सांग, पुढं ब्रेकर हाय." मग आई मागून मला सांगतात, पुढं ब्रेकर हाय.

खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते. किल्ली हातात आली तेव्हा मला आनंद झाला होता.

२४ एप्रिल, गुरुवार

चार झाले. आज कूलर बाहेर काढला, सगळी संध्याकाळ घासण्यात गेली. आमच्या ले-आउटच्या वसाहतीत नळ एक दिवसाआड, पिण्यापुरता आणि स्वयंपाकापुरता. बाकी सगळं बोअरवर. बोअरचं पाणी असलं खारं की कूलरच्या जाळीवर पांढरा थर चढतो आणि सुरीने खरवडला तरच निघतो. आधीच्या कूलरची टाकी ह्या पाण्याने भोकं पडूनच गेली.

बाबा पहाटे पाचला गाडीजवळ होते, हातात तांब्या. तुळशीला पाणी घातलं की गाडीभोवती फिरतात, बॉनेटवर हात ठेवून उभे राहतात. मी कुठे ओरखडा पाडला का ते शोधत असणार. आज मी खिडकीतून बघतेय हे लक्षात आलं तसा तांब्या पाठीमागे धरला.

२९ एप्रिल, मंगळवार

सात झाले, पण आज घाबरले.

बाबा कालपासून अचलपूरला आहेत, मावसभावाच्या तेरवीला. त्यामुळे आई आणि मी दोघीच. परत येताना बोरगाव मंजूच्या जवळ इंजिनच्या तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला. इतके दिवस तो जागचा हलला नव्हता. एसीच्या जाळीतून गोडसर वास येत होता, पाक करपल्यासारखा. आईंना काही सांगितलं नाही. एसी बंद केला, चाळीसच्या वर गेले नाही, सगळा रस्ता त्या काट्याकडे बघत आले.

सरळ राजापेठेत मनोजच्या गॅरेजला नेली. इंजिन निवल्यावर त्याने बॉनेट उघडून एक पांढरी बाटली दाखवली. तिच्यावर दोन रेघा, वरची भरलेली, खालची कमीत कमी. पाणी खालच्या रेघेच्याही खाली. ह्या बाटलीतलं हिरवं कूलंट रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन थंड ठेवतं, इतकं मला समजलं. त्याने पाइपावरचा एक ढिला क्लिप आवळला, जुनं काढून हिरवंगार भरलं.

"ताई, क्लिपातून गळत असन तं थांबन. नाही तं दुसरीकून कुठून गळत असन. रोज सकाळी इंजिन थंड असताना पाहत जा. अन् साधं पाणी बिलकुल टाकू नका."

मी कशाला टाकेन साधं पाणी?

बाबा संध्याकाळी आले. मी आईंना काट्याचं आणि बाटलीचं सांगत होते, ते ओसरीत बसून ऐकत होते.

३० एप्रिल, बुधवार

मनोज नुसतं पाहत जा म्हणाला. नुसतं पाहून काय कळणार? रेघ जाड, बाटली मळकी. मी आईंच्या पाकिटातली एक मरून टिकली घेतली आणि बाटलीवर बाहेरून बरोबर पाण्याच्या पातळीला चिकटवली. उद्या पाणी टिकलीच्या खाली गेलं तर गळती आहे. नाही गेलं तर नाही. आठवीच्या पोरांना जमेल असा प्रयोग.

बाबा दारात उभे राहून बघत होते. मला वाटलं, आता आईंमार्फत काहीतरी टोमणा येणार. आला नाही. उलट निघताना गेट त्यांनी स्वतः जाऊन उघडलं. जानेवारीपासून गेट मीच उघडते, गाडी बाहेर काढते, उतरते, मीच लावते.

आठ झाले.

६ मे, मंगळवार

अकरा. आई आता गिळताना तोंड वाकडं करतात. पुढच्या पानांवर लिहिलंय.

सहा सकाळी पाहिलं. सहाही दिवस पाणी टिकलीला तंतोतंत. केसभर खाली नाही. गळती नाही, सिद्ध झालं. ढिला क्लिपच होता.

दुसरी बातमी त्याहून मोठी. बाबा आज मूर्तिजापूरच्या पुढे आईंना म्हणाले, "तिले सांग, चांगली चालवून राहिली." आईंनी मला सांगितलं. मी आईंना म्हटलं, "त्यांना सांगा, थँक्यू." आई म्हणाल्या, "तुमी दोघं मले टपालवाली करून ठेवा." पण हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या.

मला वाटतं, माझं चालवणं त्यांनी अखेर मान्य केलं.

९ मे, शुक्रवार

चौदा झाले. मनोजशी भांडून आले आहे.

बाटलीतलं हिरवं फिकट होत चाललंय. पातळी टिकलीवर, पण रंग लिंबू सरबतासारखा. अकोल्याहून येताना त्याला दाखवायला थांबले. त्याने बाटलीत बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं.

"ताई, हे कूलंट नाही राह्यलं. पाणी हाय."

"पातळी बघा ना. दहा दिवस टिकलीवर आहे."

"रोज? सुतभरही खाली नाही?"

"सुतभरही नाही."

त्याने टिकलीवर नख टेकवलं. "असं होत नसते. चांगल्या गाडीचंही थोडं खालीवर होते. कोनीतरी रोज भरून राह्यलं."

मला तिथेच राग आला. म्हटलं, आमच्या घरी ह्या गाडीला हात लावणारी मी एकटी आहे. घरात एक आजारी बाई आणि एका डोळ्याने नीट न दिसणारा म्हातारा माणूस. कोण भरणार?

"मंग गाडी एक दिवस ठेवा. रेडिएटरमंदी पंपानं हवा भरतो अन् पाहतो कुठून निघते. मले तं रेडिएटरच गेला वाटते."

म्हणजे आता रेडिएटर. आधी क्लिप, मग रेडिएटर, मग इंजिन. मी म्हटलं, तुम्हाला रेडिएटर खपवायचा असेल तर दुसरं गिऱ्हाईक बघा. गॅरेजात आणखी दोन माणसं होती, त्यांनी ऐकलं. मनोज काही रागावला नाही. फडक्याला हात पुसत म्हणाला, "माह्यापाशी नका करू, पन करून घ्या. अन् तवापर्यंत काट्यावर ध्यान ठेवा."

रंग उन्हाने उडाला असेल. पडदेही उडतात.

१४ मे, बुधवार



सोमवारी सुटी होती, म्हणून आज सोळावा. आमची वेळ बाराची, पण आज मशीनची तपासणी, दोनला बंद होणार हे काल सांगितलेलं. दहाला निघालो. सकाळी पाणी टिकलीवर होतं, हे मी स्वतः पाहिलं.

मूर्तिजापूर सोडून सात-आठ किलोमीटर झाले असतील. काटा हलला, आणि मी त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघेपर्यंत लाल पट्टीत गेला. बॉनेटच्या फटीतून वाफ. एका कडुनिंबाखाली गाडी घेतली. बाहेर ऊन असं की डांबर मऊ झालेलं. आई मागे आडव्या. मी बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

बाबांनी माझं मनगट धरलं. जोरात, वळ उठला आहे.

"हात नको लावू! तोंड भाजन तुहं!"

चार महिन्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

मग सगळं त्यांनीच केलं. मी घड्याळ बघत होते. पंधरा मिनिटं. वीस. मी म्हटलं, बाबा, मशीन दोनला बंद होईल. ते म्हणाले, "इंजिन निवल तवाच निघू. आता घाई केली तं इथंच राहू." पस्तीस मिनिटांनी त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याची चौपदरी घडी झाकणावर ठेवली, तोंड वळवलं, झाकण थोडंसं फिरवलं. फस्सदिशी आवाज आला. थांबले. पुन्हा थोडं. आईंसाठी घेतलेली प्यायच्या पाण्याची कॅन त्यांनी मागितली. "इंजिन चालू कर. मी धारेनं टाकतो. एकदम थंडं टाकलं तं तडकते." पाच लिटरची कॅन, तळाला दोन घोट राहिले. तेवढे आईंसाठी ठेवले.

"आता बस. एसी बंद. काचा खाली. हीटर लाव, पुरा."

मला वाटलं ह्यांचं डोकं फिरलं. "बाबा, बाहेर चव्वेचाळीस आहे!"

"इंजिनची गरमी आपल्या अंगावर घ्याची हाय. तवाच ते वाचते. लाव."

मी मागे आईंकडे बघितलं. ओठ सुकलेले, डोक्यावर ओला पंचा. त्या म्हणाल्या, "लाव वं. मी शेक घ्यालेच चालली ना."

मे महिन्यात हीटर लावून मी अकोल्याला गाडी नेली. पायांवर भट्टी. बाबा काट्याकडे तोंड करून बसलेले. "चाळीसवर ठेव. हां. उतरला. चाल." कुरणखेडला हॉटेलवाल्याकडून दोन कॅन भरून घेतल्या, पुन्हा टाकलं. एक चाळीसला दवाखान्यात. एक पन्नासला आई आत गेल्या आणि दार बंद झालं. मी व्हरांड्यात बाकावर बसून रडले. बाबा जरा लांब उभे होते, त्यांनी दुपट्टा पुढे केला. त्याला रबराचा आणि वाफेचा वास होता.

मग मनोजला फोन लावला. म्हटलं, माझं चुकलं.

"ते मंग पाहू. गाडी आनता येते काय? ऊन उतरल्यावर निघा, दर वीस किलोमीटरला थांबा. मी आजच रेडिएटर मागवून ठेवतो. उद्या सकाळी सहाले या."

दवाखान्यात विचारून उद्याची वेळ दोनची करून घेतली. आता फक्त ती चुकू नये.

१५ मे, गुरुवार

सतरा झाले. गाडी झाली. काय झालं ते लिहायला बसले आहे, पण दोनदा उठले.

सहाला आम्ही गॅरेजात होतो, बाबाही आले. मनोजने आधी झाकणाच्या जागी हातपंप लावला, हवा भरली. पंपाचा काटा आमच्या डोळ्यांसमोर खाली आला आणि रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातून बारीक बारीक थेंब फुटले, एक नाही, सात-आठ ठिकाणी. तिथे वाळलेले पांढरे ओघळ होते, म्हणजे कितीतरी दिवसांपासून झिरपत असणार. मग रेडिएटर काढला आणि त्याचं तोंड उघडून दाखवलं.

आत पांढरा थर. मी तो लगेच ओळखला. तीन आठवड्यांपूर्वी सुरीने खरवडला होता.

"बोअरचं पानी हाय हे," मनोज म्हणाला. "जुन्या गाड्याईचे रेडिएटर पितळेचे, ते सहन करत. हे ॲल्युमिनियम. खारं पानी खाऊन टाकते याले."

गणित शिकवणाऱ्या बाईला सगळं एका दमात दिसलं. पहाटेचा तांब्या. बाबा अचलपूरला होते ते दोन दिवस, आणि त्याच दोन दिवसांत उतरलेलं पाणी. ते परत आले आणि सहा सकाळी तंतोतंत टिकली. माझी टिकली पाणी मोजत नव्हती. कुठवर भरायचं ते दाखवत होती. माझा सिद्धांत रोज पहाटे पाचला कोणीतरी भरून ठेवत होतं, आणि घरातल्या एका माणसालाही मी विचारलं नव्हतं.

वळून बघते तर बाबा स्टुलावर बसलेले. रेडिएटर मांडीवर घेऊन ते नखाने तो थर खरवडत होते.

मी मोठ्याने म्हटलं, "जुनी गाडी आहे. रेडिएटर जाणारच होता. हो ना, मनोजभाऊ?"

मनोजने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. गेल्या आठवड्यात भर गॅरेजात मी ज्याला लुबाडणारा ठरवलं, तो माणूस म्हणाला, "व्हय. वय झालं होतं त्याचं."

नवा बसवला. आतली घाण निघून साफ पाणी येईपर्यंत तीनदा धुतलं, तयार कूलंट भरलं, हीटर लावून हवेचे बुडबुडे काढले. पंखा आपोआप फिरला आणि थांबला तेव्हा मनोज म्हणाला, झालं. काटा अर्ध्याच्या खाली, जाऊन येऊन हलला नाही.

१९ मे, सोमवार

एकोणीस.

बाबा आता पहाटे बाहेर येत नाहीत. तुळशीला पाणी मी घालते. गाडीत मागे आईंजवळ बसतात, पुढची सीट रिकामी. अर्धी भाकर ठेवून उठतात. आई विचारतात, "काय झालं यायले?" मी म्हणते, ऊन बाधलं असेल.

मला त्यांचा राग येतो, आणि मग येत नाही. त्या दिवशी दहा मिनिटं आणखी गेली असती तर सोळावा चुकला असता, त्यांच्या पाण्याने. आणि ते नसते तर झाकण मीच उघडलं असतं, माझ्या तोंडावर. कोणाचा राग धरायचा हेच ठरत नाही.

टिकली गॅरेजात बाटली धुताना निघून गेली. नवी लावावीशी वाटली नाही.

२७ मे, मंगळवार

पंचवीस.

आई बाहेर आल्या, सिस्टरने त्यांना गुलाबाचं फूल दिलं. त्या म्हणाल्या, "आता उद्या सकाळी उठून कुठं जायाचं वं?" डॉक्टर म्हणाले, एकही खंड नाही, फार चांगलं झालं. बाबा हे ऐकत होते. त्यांनी मान खाली घातली.

येताना कुरणखेडला रसवंतीवर थांबलो. आई गाडीतच होत्या, काच खाली करून. बाबांनी ग्लास तसाच ठेवला.

"हर्षा."

लग्नाला चौदा वर्षं झाली. त्यांनी मला नावाने हाक मारलेली मला आठवत नाही.

"रेडिएटर माह्या पाण्यानं गेला. जुनी गाडी हाय म्हनून तू मनोजले बोलली, तवाच मले समजलं. एकतीस वर्ष पाणी पाजल्याबिगर डेपोतून गाडी काहाडली नाही. नळाचं गोडं पाणी तुह्या सासूले लागते, म्हनून मी बोअरचं टाकलं. तिची गाडी बंद पडू नये म्हनून टाकलं, अन् तीच बंद पाडली."

मी काहीतरी बोलणार होते. त्यांनी हात वर केला.

"मले वाटलं, तुले माहीत हाय."

"मला?"

"तू टिकली लावली ना. मी दारात उभा होतो. मले वाटलं, किल्ली गेली, पन सून सांगून राहिली, बाबा, रोज इथवर भरत जा." ते ग्लासाकडे बघत होते. "लय बरं वाटलं होतं मले."

मी वर्गात पोरांना सांगते, रीत न दाखवता उत्तर लिहिलं तर गुण मिळणार नाहीत. आज मी रीत दाखवली नाही.

"हो बाबा," मी म्हटलं. "तुमच्यासाठीच लावली होती."

त्यांनी रस संपवला आणि जाऊन पुढच्या सीटवर बसले.

घरी आल्यावर आईंच्या पाकिटातून एक टिकली काढली. बाटलीवर, वरच्या रेघेला लावली. तुळशीच्या कट्ट्यावर, तांब्याशेजारी, हिरव्या कूलंटचा डबा ठेवला.

२८ मे, बुधवार

आज कुठेही जायचं नाही. तरी पाचला जाग आली.

बाहेर बॉनेट उघडल्याचा आवाज झाला. जरा वेळाने हळूच लावल्याचा. मी खिडकीशी गेले नाही.